न चालता झिजलेला जोडा

“झिजला! अहो, खरंच झिजला!”

आरोळी उठली, की रांगेतली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत पुढे सरकायची. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला उभा असलेला दोन मजली सिमेंटचा बूट. त्याच्या टाचेत दार, दाराला पडदा आणि पडद्यापुढे पावलेबाबा.

“आजाऱ्याचा जोडा आज ठेवा, उद्या न्या! महापुरुषाचा हा बूट त्याला चालायला शिकवतो. जोडा आजार घेऊन सात कोस जातो, तिकडे टाकतो, रिकामा परत येतो. तळ बघा, तळ! काल कोरा, आज झिजलेला, वर चिखल! आता सात दिवस जखम उघडायची नाही, डॉक्टरचं तोंड बघायचं नाही. शंका घेतलीत, तर आजार आल्या पावली घरी!”

“आमच्या ह्यांचा ठेवू का?” माझ्या पुढची बाई म्हणाली. “खुर्चीतून हलत नाहीत. जोडा तरी चार पावलं चालेल.”

सगळे हसले. मीही हसले. माझ्या पिशवीत माझ्या वडिलांचा, अप्पांचा, नुकताच नवा तळ ठोकलेला उजवा जोडा होता.

मी ग्रंथालयात काम करते. विज्ञानाचं कपाट माझ्याच ताब्यात आहे. शिवाय तो बूट कुणाचा, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बुटांच्या कारखान्याने जाहिरातीसाठी तो बांधला होता. अप्पा तिथे कारागीर. टाचेचा पत्रा त्यांनीच ठोकलेला. कारखाना बंद पडला, पाटीवरची अक्षरं गळाली आणि बुटाला महापुरुष मिळाला.

हे सगळं माहीत असून मी रांगेत होते. अप्पांना मधुमेह होता. उजव्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, “आजच दाखल करा. अंगठा काढावा लागेल.” तेवढं एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जोडा झिजून मिळाला. मला आनंदाने रडू आलं. तो अप्पांच्या खाटेखाली ठेवला आणि त्यांना सांगितलं, “डॉक्टर बाहेरगावी गेलेत. पुढच्या आठवड्यात येतील.”

“बरं,” ते म्हणाले. “तू शिकलेली. तुला कळतं.”

सहाव्या दिवशी चष्मा शोधताना त्यांच्या हाताला तो जोडा लागला. त्यांनी तो उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला.

“हा कुणी घासला?”

मी सगळं सांगून टाकलं.

“अगं, माझी टाच बाहेरच्या कडेला झिजते. चाळीस वर्षं तशीच झिजतेय. इथे बघ, सगळा तळ सारखा. खिळ्यांच्या डोक्यांवरचे ओरखडेसुद्धा एकाच दिशेचे. हा चाललेला नाही, घासायच्या चाकावर धरलाय.” त्यांनी नखाने शिलाई खरवडली. “आणि चिखल नुसता वरवर फासलेला, इथे आत धुळीचा कण नाही. सात कोस गेला म्हणे!”

जोडा खाली ठेवून ते हळूच म्हणाले, “डॉक्टर गावातच आहेत ना?”

त्याच दुपारी त्यांना दाखल केलं. पाय गुडघ्यापासून कापला, तरी आठवड्याने अप्पा गेले. शेवटपर्यंत ते मला रागाने काही बोलले नाहीत. बोलले असते, तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी मी तो जोडा घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा गर्दीकडे तोंड करून तळ दाखवला, अप्पांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“ताई, श्रद्धा कमी पडली तुमची,” पावलेबाबा म्हणाला.

“कमी नाही पडली. पुरेपूर होती. म्हणूनच माझे वडील गेले.”

मी पडदा ओढला. आत विजेवर फिरणारं घासायचं चाक, खाली चामड्याचा भुसा, शेजारी चिखलाची बादली, फळीवर लोकांनी ठेवलेले जोडे. मागून एक म्हातारा पुढे आला, फळीवरचा लहान मुलाचा बूट काखेत मारून दवाखान्याच्या रस्त्याला लागला.

तुमच्याही गावात असं काही असेल. जोडा उलटा करून बघा. बघितल्याने पाप लागत नाही. जखम झाकू नका, डॉक्टरांना दाखवा, आजच. आणि आपण शिकलेले आहोत, आपल्याला कोण फसवणार, या भ्रमात राहू नका. मला सगळं माहीत होतं. अप्पांनी जोडा हातात घेताच जे विचारलं, तेवढंच मी सहा दिवसांत विचारलं नाही: हा कुणी घासला?