शेजारच्या बाईचा डबा

"हा तुमचा डबा," ह्यू दारातूनच म्हणाला. "घर आवरताना सापडला. आईनं दहादा बजावलं होतं, हा शेजारी परत करायचा म्हणून."

सुलक्षणाने डबा हातात घेऊन झाकण उघडलं. डबा रिकामा होता. टपरवेअरचा, फिकट हिरवा, आतून हळदीने कायमचा पिवळा पडलेला. तेरा वर्षं तो या दोन घरांमध्ये ये-जा करत होता, पण रिकामा कधी आला नव्हता. अर्थात ह्यूला बिचाऱ्याला काय ठाऊक? तो न्यूपोर्टहून रजा काढून आईचं घर मोकळं करायला आला होता. त्याची आई ग्लेनिस ईस्टरपासून नर्सिंग होममध्ये होती आणि तिच्या फाटकाशी 'सोल्ड'ची पाटी लागली होती.

डबा आपला नाहीच, तुझ्या आईचा आहे, असं सुलक्षणाने त्याला सांगितलं. ह्यूने हसत डबा उलटा करून दाखवला. ग्लेनिसच्या प्रत्येक बशीच्या बुडाशी चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर शाईने नाव. चॅपलच्या चहापानाला साऱ्या जणींच्या बश्या एकत्र व्हायच्या, त्यात आपली ओळखता यावी म्हणून. या डब्याला चिकटपट्टी नव्हती, तेव्हा तो सूचाच, असं आई म्हणायची. सू म्हणजे सुलक्षणा. ग्लेनिसच्या जिभेने त्या नावाचं एवढंच अक्षर पेललं होतं.

सुलक्षणाला हसावं की रडावं ते कळेना. पहिल्या दिवशी तिनेही हा डबा असाच उलटा करून पाहिला होता. तिच्या माहेरहून आलेल्या भांड्यांवर, पार झाऱ्या-चमच्यांपर्यंत, नावं घातलेली. डब्यावर नाव नाही, म्हणजे तो शेजारणीचा, असा तिचा सरळ हिशोब. दोघी शहाण्या बायका तेरा वर्षं एकमेकींचा डबा एकमेकींना परत करत आल्या होत्या, आणि डबा होता तिसऱ्याच कुणाचा तरी.

तेरा वर्षांपूर्वी ती कार्डिफला नवीन आली होती. नवरा श्रीनिवास भूल देणारे डॉक्टर, त्यांचा दिवस हॉस्पिटलात जायचा. घरात ती आणि दहा वर्षांची लेक मीनल. दूधवाला सोडला तर तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. अशात एका सकाळी मागच्या बुटक्या भिंतीवरून ग्लेनिसने तिला पार्टीचं आमंत्रण दिलं. पार्टी म्हटल्यावर सुलक्षणा नारायणपेठ नेसून, केसांत अबोलीच्या रंगाची क्लिप लावून गेली. बघते तर साध्या कार्डिगनमधल्या बायका गोल करून बसलेल्या, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या डब्यांची आरास. तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ग्लेनिसने मात्र साडीचा पदर बोटांत धरून तोंडभर कौतुक केलं आणि तिला आपल्याशेजारी बसवलं.

डबे विकायला आलेल्या बाईने नमनाला घडाभर तेल घातलं, पण गोष्ट रंगवून सांगितली. अमेरिकेत एका माणसाने खनिज तेलाच्या कारखान्यात उरणाऱ्या टाकाऊ मालातून हे डबे केले आणि झाकणाची युक्ती उचलली रंगाच्या डब्यावरून. डबे दुकानात गेले आणि तिथेच धूळ खात पडले, कारण झाकण लावायचं कसं हेच कुणाला उमजेना. मग कुणी एक बाई पुढे आली. एकटी, पदरी एक मूल. तिने शेजारणींना घरी बोलावलं आणि झाकण मधोमध दाबून, कड जराशी उचलून आतली हवा कशी सोडायची ते हातांत हात घेऊन शिकवलं. भरलेला डबा ती चक्क खोलीभर फेकून दाखवायची. तेव्हापासून हे डबे दुकानांतून गेले आणि घराघरांतल्या दिवाणखान्यांतून खपू लागले. एवढं सांगून त्या विक्रेत्या बाईनेही जेलीने भरलेला डबा ग्लेनिसच्या दिवाणखान्यात फेकला. थेंब सांडला नाही. मग प्रत्येकीने झाकण लावून पाहिलं. सुलक्षणाला जमेना, तेव्हा ग्लेनिसने तिचा अंगठा धरून कडेखाली नेला. फुस्स करून हवा सुटली आणि दोघी शाळकरी मुलींसारख्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी हा डबा भिंतीवर, आत मनुका घातलेले गरम वेल्श केक. पार्टीतली कुणी विसरून गेली असणार, पण ग्लेनिसला वाटलं सूचा राहिला. डबा धुऊन परत करताना सुलक्षणाचा हात अडला. शेजारच्या घरी रिकामं भांडं पाठवायचं ही रीतच नव्हती. तिने त्यात बेसनाचे लाडू घातले. मग तो परत आला तो वालासारख्या शेंगा घेऊन. पुढे चकल्या गेल्या, रूबार्बचे आंबट देठ आले, करंज्या गेल्या, मार्मलेड आलं. रिकामा डबा द्यायचा नसतो, त्यांच्यात चालत नाही, हे ग्लेनिसने कधीतरी विचारून घेतलं आणि चॅपलच्या नेमाइतकं काटेकोर पाळलं.

ग्लेनिसचा नवरा गेला तेव्हा त्या घरात चूल पेटणार नाही म्हणून सुलक्षणाने डब्यात पिठलं-भात नेला. ग्लेनिस स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चमच्याने सगळं खाऊन गेली. पुढे दोन वर्षांनी साताऱ्याहून सुलक्षणाचे वडील गेल्याचा फोन आला. तिकीट मिळेना, जाणं झालं नाही. त्या संध्याकाळी भिंतीवर डबा आला, आत काठोकाठ कस्टर्ड. मयताच्या घरी पिवळं काहीतरी द्यायचं असतं, असा ग्लेनिसने आपल्या मनाशी अर्थ लावला होता. ते गोडमिट्ट कस्टर्ड खाता खाता सुलक्षणा पहिल्यांदा मोकळी रडली.

पंचाईत अशी की ग्लेनिसला पिठलं फार आवडलं होतं. वाढदिवसाला काय करू विचारलं की ती 'ते पिवळं' मागायची. आता पिठलं काय, एरवी आपल्या घरात हवं तेव्हा होतं. पण भातासकट डब्यात घालून वाढदिवसाच्या घरी कसं न्यायचं? सुलक्षणा डाळीचं पीठ संपलं म्हणायची आणि शिरा द्यायची.

एकदा दोघी रेडिओ ऐकत मटार सोलत होत्या. डब्यांच्या त्या अमेरिकन बाईचीच गोष्ट चालली होती. एवढा व्यवसाय उभा करून दिला, शेवटी कंपनीने तिला काढून टाकलं, आपल्या इतिहासातून तिचं नावही पुसलं. सुलक्षणाला फार वाईट वाटलं. ग्लेनिस शेंगा मोडत शांतपणे म्हणाली, "नाव विसरले तर विसरले, सू. झाकण तर तिच्याच रीतीने लावतात ना."

आता ग्लेनिसच नावं विसरत चालली होती. मागच्या भेटीत तिने सुलक्षणाला नर्स समजून खिडकी लावायला सांगितलं होतं. सुलक्षणाने निमूट खिडकी लावली, बसमध्ये बसली आणि त्यानंतर गेलीच नाही. कधी पाऊस आडवा आला, कधी सर्दी. खरं कारण भीती होती. पण शनिवारी त्यांचा मुक्काम हलणार होता. श्रीनिवास निवृत्त झाले होते, हॅरोला मीनलजवळ घर घेतलं होतं. जाण्याआधी ग्लेनिसने आपल्याला एकदा ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. पुढे ओळखलं नाही तरी चालेल, पण एकदा.

तेवढ्यात मीनलचाच फोन आला. आईच्या हातात काय आहे ते कळल्यावर ती म्हणाली, "आई, तो जुना डबा टाकून दे ना. इथे खूप डबे आहेत. मूव्हर्सना कशाला एक्स्ट्रा काम?"

"हा मूव्हर्सच्या गाडीत जाणारच नाहीये," सुलक्षणा म्हणाली.

भांडी खोक्यांत भरून झाली होती. तिने एक खोकं उघडून कढई बाहेर काढली. श्रीनिवासनी पेपरातून डोकं वर केलं, फोडणीचा वास ओळखला आणि पान उलटलं. ग्लेनिसकडे हात हलवत कसं जायचं? आणि आज शिरा चालणार नव्हता. आजवर जे टाळलं ते तिने मनापासून केलं, लसणीची फोडणी देऊन, जरा सैलसर. खालच्या अंगाला भात, वर पिठलं. झाकण दाबून हवा सोडली आणि बस पकडली.

ग्लेनिस मोठ्या खिडकीशी बसली होती, केस नीट विंचरलेले, मांडीवर शाल. सुलक्षणाने वाकून नाव सांगितलं. ग्लेनिस गोड हसली, पण ते हसू कुणालाही मिळालं असतं. सुलक्षणाने हॅरोचं सांगितलं, ह्यू येऊन गेल्याचं सांगितलं, भिंतीजवळच्या गुलाबाचं सांगितलं. ग्लेनिस मान डोलवत राहिली, डॉक्टरांपुढे डोलवावी तशी. सुलक्षणाचा धीर सुटत चालला. शेवटी बोलणं थांबवून तिने डबा पुढे ठेवला.

ग्लेनिसचा अंगठा आपोआप कडेखाली गेला. झाकण उघडलं. तिने वास घेतला, चमचा उचलला आणि घाईगर्दी न करता सगळं खाल्लं, कडेचंसुद्धा निपटून. मग कागदी रुमालाने डबा आतून पुसू लागली, कोपऱ्याकोपऱ्यांतून, बराच वेळ. पुसून झाल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. चहाच्या बशीत तिच्या वाटणीची दोन कस्टर्ड क्रीम बिस्किटं होती. ती तिने डब्यात ठेवली, मधोमध दाबलं, कड उचलली. फुस्स.

डबा तिने दोन्ही हातांनी सुलक्षणापुढे धरला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने बोलली.

"तुम्ही आमच्याच बाजूला जाताय का? हा माझ्या शेजारणीचा डबा आहे. तिला एवढा नेऊन द्याल? रिकामा देऊ नका हं, त्यांच्यात चालत नाही."

सुलक्षणाने डबा घेतला. "देते," ती म्हणाली. "काही निरोप सांगू तिला?"

ग्लेनिसने विचार केला. "सांगा, पिवळं फार छान झालं होतं. आणि म्हणावं, बऱ्याच दिवसांत आली नाहीस."

"सांगते," सुलक्षणा म्हणाली. तिने ग्लेनिसचा हात हातात घेतला, शाल सारखी केली, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी खिडकी लावून निघाली.

घरी श्रीनिवास खोक्यांना टेप लावत होते. तिने ओळखलं का, असं त्यांनी हलकेच विचारलं.

"मला नाही ओळखलं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण सूची आठवण काढत होती."

तिने चहा टाकला. एक बिस्कीट त्यांना दिलं, एक आपण घेतलं. डबा धुतला, पुसला आणि ओट्यावर पालथा घातला. मग खिडकीतून मागच्या भिंतीकडे बघत, सवयीने, ती आता त्यात काय घालून पाठवावं याचा विचार करू लागली.