हात वर होईपर्यंत

सात महिन्यांत मी एकदाही रडले नाही, याची नोंद माझ्या मुलीने ठेवली होती. मोजत बसायची सवय तिला बापाकडून आलेली.

"बाबांच्या चाळिसाव्या दिवशी सगळ्या बायका रडत होत्या आणि तू ट्रे घेऊन कॉफी वाटत होतीस," बेल्किसा म्हणाली. ती आठवडाभरासाठी लिंझहून आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होती. "खरं सांग आई, बाबा गेल्याचं तुला काही वाटलं तरी का?"

"वाटलं असेल," मी म्हटलं.

हे काही उत्तर नव्हतं, मलाही कळत होतं. पण खोटं बोलायचा कंटाळा आला होता आणि खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं माझं सगळंच झालं होतं. कॉफी गरम आहे की गार, ते वाफ बघून ठरवायचं. शेजारणी म्हणायच्या, राझिया खंबीर आहे. मला मात्र एकच भीती होती. छत्तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या मुनिबवर माझं प्रेमच नसावं, आणि आता ही पोरगी ते मनात पक्कं करून विमानात बसणार.

बेल्किसाने यावर उपाय शोधला होता. बाजारामागे कुणीतरी तरंगायची टाकी सुरू केली होती. तासभर अंधारात, कोमट खाऱ्या पाण्यात पडून राहायचं. लिंझला तिच्या ऑफिसातले सगळे जातात म्हणे, आत साचलेलं मोकळं होतं.

"तुझ्लातल्या बाईला मिठाचं पाणी भेट देतेस," मी म्हटलं. "पुढच्या वेळी बाटलीत भरून हवा आण."

"टोमणे नकोत. वेळ घेऊन ठेवली आहे. उद्या मी जातेय, एवढं कर माझ्यासाठी."

आमचं तुझ्ला गाव मिठावर बसलेलं आहे. शंभर वर्षं जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ काढलं आणि वरचं गाव खचत गेलं, कुठे वर्षाला बोटभर, कुठे वीतभर. मुनिब ते मोजायचा. तो तिकाटण्यावर दुर्बीण लावायचा आणि समोर घराच्या भिंतीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीवर आकडे रंगवलेली उंच पट्टी टेकवून मी उभी राहायचे. मोजणी खात्यात मला घेतलं तेच पट्टी धरायला, लग्न नंतरचं. कामाचा नियम एकच. दुर्बिणीमागचा माणूस हात वर करत नाही, तोवर हलायचं नाही. पाऊस येवो, नाकावर माशी बसो. "तू केसभर हललीस तर घर खचलं की तू, ते मला कसं कळणार?" तो म्हणायचा. मग कधीतरी त्याचा उजवा हात वर जायचा. मी पट्टी खांद्यावर टाकायचे आणि ओरडून विचारायचे, "किती?" तो आकडा सांगायचा. आमचं स्वतःचं घर राहण्याजोगं उरलं नाही, तेही असंच कळलं. शनिवारी बेल्किसाची शाळा लवकर सुटायची, मग ती दुर्बिणीच्या पेटीवर बसून आमची गंमत बघायची.

टाकीची मालकीण गोर्दाना माझ्याच वयाची निघाली. पूर्वी दवाखान्यात मालीश-व्यायामाच्या विभागात होती. तिने दारात चपला दिल्या आणि पहिलं हेच विचारलं.

"गेल्या दोन तासांत कॉफी नाही ना घेतली?"

"तीन कप घेतली."

"सगळेच घेतात," ती म्हणाली. "आज पायांचे केस काढलेत का? नाही? मग ठीक. नाहीतर आग होते. आधी अंघोळ करायची, तेल-क्रीम सगळं धुऊन टाकायचं. कुठे खरचटलं असेल तर हे मलम लावा. कानात बोळे घाला. आणि काही झालं तरी डोळ्यांना हात लावायचा नाही."

मी पाण्यात बोट बुडवून चाखलं. आमच्याकडे कुणीही हेच करेल. तोंड कडू झालं.

"हे मीठ नव्हे. हे जुलाबाचं मीठ आहे."

"तेच ते. अर्धा टन आहे. पिऊ नका म्हणजे झालं. एक तास. वेळ संपली की निळा दिवा लागेल आणि संगीत सुरू होईल. मग सावकाश उठायचं. बाहेर आल्यावर अंग जड वाटेल, घाबरू नका. आणि केस वाळवल्याशिवाय मी सोडणार नाही, वारा लागेल."

ही शेवटची गोष्ट ऐकून बाई भरवशाची वाटली. पोहण्याचा पोशाख नको म्हणत होती. मी तो घालूनच उतरले. बेल्किसा बाहेर बाकावर बसली.

पाणी जेमतेम गुडघ्याच्या खाली होतं. आडवी झाले तर पाण्याने मला वर उचलून धरलं. जन्म खचणाऱ्या गावात गेला आणि इथे बुडायचं म्हटलं तरी बुडता येईना. झाकण बंद झालं, दिवा गेला. थोड्या वेळाने पाणी कुठे संपतं आणि पाठ कुठे सुरू होते ते कळेनासं झालं. मला त्यात नवं काही वाटलं नाही, सात महिने हेच चाललं होतं. नाकाला खाज सुटली. मी हात हलवला नाही.

मग दवाखान्याचा तो बोळ आठवला. आठवला म्हणण्यात अर्थ नाही, तो कुठे गेलाच नव्हता. जानेवारीची सकाळ होती. मुनिबला चाकांच्या खाटेवरून आत नेत होते, ओठ निळे पडले होते. त्याने मान वळवून सांगितलं, "तू इथेच थांब. हलू नकोस." मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. दोन तासांनी परिचारिका येऊन काहीतरी बोलली. मला खुर्चीत बसवलं, घरी नेलं, दफन झालं, सातवा झाला, चाळिसावा झाला.

निळा दिवा लागला. दूर कुठेतरी संगीत सुरू झालं. मला दोन्ही कळलं. तास संपला, उठायला हवं, हेही कळलं. मी पडून राहिले.

पुढे झाकणावर थापा पडल्या आणि ते उघडलं. गोर्दाना होती, आणि तिच्यामागे पांढरीफटक पडलेली बेल्किसा. मी कानातले बोळे काढले.

"आई, ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय."

"मग उठत का नाहीस? वीस मिनिटं झाली."

"हात वर नाही केला अजून."

"कुणी?"

"तुझ्या बाबांनी."

"रुग्णवाहिका बोलावू का?" गोर्दानाने हळूच विचारलं. बेल्किसाने तिच्या दंडावर हात ठेवून तिला थांबवलं.

"कुठे उभी होतीस तू, आई?"

"दवाखान्यात. चार नंबरच्या दाराशी. हलू नकोस म्हणाले आणि आत गेले."

बेल्किसा माझ्याकडे बघत राहिली. मग ती मागे सरली, खोलीच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत. मुनिब मिटायचा तसा तिने डावा डोळा मिटला, थोडी वाकली, आणि उजवा हात सरळ वर केला.

मी उठून बसले. पाण्याने मला सोडलं आणि सगळं वजन एकदम अंगावर आलं. जड वाटेल म्हणून गोर्दानाने सांगितलं होतं, पण इतकं, हे नव्हतं सांगितलं. मुनिब मेला होता. छातीतून कसलातरी आवाज निघाला. मी डोळ्यांना हात लावला आणि डोळे पेटले. गोर्दाना गोड्या पाण्याची बाटली घेऊन धावली, तोंडावर पाणी मारत राहिली, पण त्याचा उपयोग नव्हता, कारण वाहत होतं ते आतून होतं.

बेल्किसाचा हात अजून वरच होता.

"किती?" मी विचारलं.

"खूप, आई," ती म्हणाली.

मग ती टाकीपाशी आली आणि मला बाहेर घ्यायला वाकली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.