जुनं दुखणं

मंजुषाने स्कूटी फाटकातून आत घेतली तेव्हा जगदेव ताडपत्रीवर बसून हळद निवडत होता. शिजवून वाळत घातलेल्या हळकुंडांतून जाड गड्डे वेगळे काढायचे आणि डाव्या हाताला सरकवायचे, एवढंच काम. त्याचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. गाडीचा आवाज ऐकूनही त्याने मान वर केली नाही. हातातला गड्डा बाजूला ठेवला आणि मग म्हणाला,

"ये मंजू. सावलीत बस. राखी, पाणी आन वं."

राखी, त्याची सून, पुण्यात कामाला असलेल्या मुलाची, राजूची बायको, पाण्याचा तांब्या ठेवून गेली. जाताना तिने मंजुषाच्या हातातल्या फाइलकडे एकदा पाहिलं. या घरात गेलं वर्षभर फायलीच आल्या होत्या.

मंजुषा केनवडचीच मुलगी. लग्न होऊन रिसोडला गेली आणि तिथे आरोग्य विम्याचं काम करू लागली, तेव्हा पहिल्या पॉलिसी तिने माहेरच्या गावातच काढल्या. जगदेव आणि रुख्मिणीची त्यांतलीच एक. रुख्मिणीकाकू डिसेंबरात छातीच्या कॅन्सरने गेल्या. त्याआधी ऑपरेशनचा एक आणि पुढच्या केमोचा एक असे दोन दावे कंपनीने काहीही न कापता मंजूर केले होते. आज मंजुषा त्यासाठीच आली होती, आणि ते कसं बोलायचं हे तिला केनवडच्या फाट्यापासून सुचत नव्हतं.

"काका, एक काम होतं. वाशीमच्या साहेबांनी पाठवलं."

"बोल न."

"तुमचा एक फोटो पाहिजे. कंपनीचं पत्रक निघून राह्यलं. ज्याईले क्लेम वेळेवर भेटला त्याईचे फोटो छापतात. तुमची मर्जी असंन तं. नसंन तं मी तसं सांगतो."

जगदेवने पिवळे हात गुडघ्यांवर ठेवले.

मागच्या सोमवारी वाशीमच्या शाखेत बैठक होती. शाखेचे राठोड साहेब भिंतीवर तक्ते दाखवत होते. राज्यात कोणत्या कंपनीकडे किती माणसं, प्रत्येकीचा हप्ता किती, शंभर दाव्यांमागे कोण किती देतं. आपली कंपनी हप्त्यात मधली, दावे देण्यात दुसरी. मग जिल्ह्यांचा तक्ता आला. विमा घेणाऱ्यांच्या रांगेत वाशीम अगदी खाली होतं. पण एका रकान्यात वाशीम वर होतं, आणि साहेबांनी तिथे लाल गोल केला होता. हजार विमाधारकांमागे सगळ्यांत कमी दावे. 'आपली माणसं कामाची आहेत, कणखर आहेत,' साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी केनवडच्या दाव्याचा उल्लेख केला. एवढा मोठा दावा, एकही शंका न निघता, अकरा दिवसांत मंजूर. मंजुषाला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. तिच्यासाठी टाळ्या वाजत असताना तिला रुख्मिणीकाकूंचा शेवटचा चेहरा आठवला होता, डोक्याला बांधलेला हिरवा रुमाल आणि आत गेलेली गालफडं.

"काय छापतीन त्याच्यावर?" जगदेवने विचारलं.

मंजुषाने फाइलीतून कागद काढला. वाचावं की नाही अशा आवाजात वाचला. "योग्य वेळी घेतलेला विमा, योग्य वेळी मिळालेली साथ."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"योग्य वेळी," जगदेव म्हणाला. त्याने एक हळकुंड उचललं, मोडून पाहिलं. ते आतून अजून ओलसर होतं. त्याने ते परत पसरून ठेवलं. "मंजू, तुले एक सांगाचं होतं. बरं झालं तूच आली."

राखी आत भांडी घासत होती. त्याने तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ते गाठ नवी नोयती. तू फारम भराले आली होती न, तवाच होती."

मंजुषाला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

"काकूंनी सांगतलं?"

"अकोल्याले. दुसरी केमो झाली त्या दिवशी. मले म्हणे, तुमाले एक सांगू का, चिडसान नाई ना. चण्याएवढी होती म्हणे तवा. आंघोळ करताना हाताले लागे. चाळीस वर्ष एका घरात राह्यलो आमी. मले समजलं नाई."

"पण मंग दाखवलं काहून नाई?"

जगदेवने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मंजुषाला बसल्या जागी सरकावंसं वाटलं.

"पॉलिसीले तीन वर्ष व्हाची वाट पाहे ती," तो म्हणाला. "जुनं दुखणं असलं तं तीन वर्ष थांबा लागते, हे तिच्या ध्यानात पक्कं बसलं होतं. एप्रिलात तीन वर्ष झाले. त्याच आठवड्यात मले म्हणे, चाला, अकोल्याले जाऊ, काखेत दुखून राह्यलं."

मंजुषाला तो दिवस आठवला. खरं तर आठवायला नको इतका नीट आठवला. फॉर्मवर जगदेवच्या सह्या झाल्या होत्या, चहा झाला होता, आणि रुख्मिणीकाकू तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. हातात तिच्यासाठी बांधलेली मेथीची जुडी होती. फाटकाशी त्या उगाच रेंगाळल्या. मग म्हणाल्या, 'आन मंजू, एखांदं जुनं दुखणं असंन माणसाले, तं?'

'त्याले तीन वर्ष थांबा लागते काकू. तुमचे गुडघे म्हनता न?'

काकू हसल्या. 'हो, गुडघेच. आन तवरीक डॉक्टरले दाखवलं तं?'

मंजुषाने स्कूटी चालू केली होती. दुसऱ्या घरी जायचं होतं. इंजिनाच्या आवाजात तिने मोठ्याने सांगितलं होतं, 'दाखवलं की कागदावर येते. कागदावर जितकं कमी, तितकं बरं.'

हे ती सगळ्यांनाच सांगत असे. तिला शिकवणाऱ्या एजंटाने तिला सांगितलं होतं, तिने पुढे सांगितलं होतं. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. माणसं बीपीचं, साखरेचं, गुडघ्यांचं विचारत. छातीतल्या गाठीचं कोणी विचारलं नव्हतं. काकूंनीही विचारलं नव्हतं.

आणि विचारलं असतं, तर? तर उत्तर वेगळं होतं. ज्या दुखण्यासाठी डॉक्टर पाहिलेला नाही, ज्याचं निदान नाही, औषध नाही, कुठे एक कागद नाही, ते तिच्या पॉलिसीत जुनं धरतच नव्हते. पॉलिसी काढल्यावर तीस दिवस थांबायचं, बस. एकतिसाव्या दिवशी काकू अकोल्याला गेल्या असत्या तरी ऑपरेशन झालं असतं, दावाही मंजूर झाला असता. चण्याएवढ्या गाठीचं ऑपरेशन. लहान, कदाचित केमोसुद्धा न लागणारं. मंजुषाला नियमाचं ते पानही डोळ्यांसमोर दिसलं, डावीकडे तीस दिवस, उजवीकडे तीन वर्षं, मधे एक उभी रेघ.

"लय हिशेबी होती," जगदेव म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. "म्हणे, आधी दाखवलं असतं तं राजूनं पुण्यात जमवलेलं सारं दवाखान्यात गेलं असतं. नातीची, संस्कृतीची शाळा सुटली असती. पोरगी आत्ता कुठं वाचाले लागली म्हणे. कोनाले सांगतलं नाई. कापूस वेचे, सोयाबीन सोंगे, हळद शिजवे, सारं करे. मी एखांद्या वेळी म्हणो, थकली दिसतं. तं म्हणे, उन्हाचं हाये."

राखीने आतून विचारलं, "मामंजी, चहा ठेवू का?"

"ठेव."

मंजुषाने कागद फाइलीत घातला. फाइलीचा बंद लागत नव्हता. तिने तो तसाच सोडला. साहेबांच्या तक्त्यातला तो लाल गोल तिला आठवला, आणि जिल्ह्यातली आणखी किती माणसं त्या रकान्यात गप्प बसून दिवस मोजत असतील, हे तिच्या मनात आलं.

"मले एकच इचाराचं हाये तुले," जगदेव म्हणाला. "तू या धंद्यातली. ती थांबली नसती, पॉलिसी काढल्याबरोबर दाखवलं असतं, तं पैसे भेटले असते का?"

अंगणात कोंबडी हळदीकडे आली. जगदेवने हात हलवून तिला हाकललं आणि पुन्हा मंजुषाकडे पाहत राहिला. तो घाईत नव्हता.

खरं सांगावं, असं तिला वाटलं. खरोखर वाटलं. हा माणूस बायको गमावून बसलाय, निदान त्याला खरं तरी मिळावं. पण खरं सांगितलं की त्याच्याकडे काय उरतं? आत्ता त्याची बायको घरासाठी तीन वर्षं दुखणं सोसून गेली होती. खरं कळल्यावर ती उगाच गेली, एवढंच राहील. हा विचार करता करता तिला दुसरंही कळलं. खरं न सांगण्यात तिची स्वतःचीही सुटका होती. स्कूटीवर बसून, इंजिनाच्या आवाजात दिलेलं ते उत्तर कोणाला कळणार नव्हतं. दोन्हींपैकी कशासाठी आपण बोलतोय हे तिला ठरवता आलं नाही, आणि तोवर शब्द निघून गेले होते.

"नाई काका. नसते भेटले. थांबल्या म्हणूनच भेटले."

जगदेवने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. राखीने चहा आणून दिला, दोघांनी घेतला. राखी आत जाईपर्यंत तो बोलला नाही.

"राजू येते शनिवारी," तो म्हणाला. "तुह्या घरी येईन तो. तुले हेच इचारन. त्यानंच फोनवर तिले म्हटलं होतं, आई, तीन वर्ष होऊ दे, मंग सारं दाखवू. तो गुडघ्याचं म्हणे. आता गाठ तवाचीच असंन, हेच त्याच्या डोक्यात बसलं हाये. रात रात झोपत नाई म्हणते राखी. त्याले बी असंच सांगजो. आता सांगतलं तसंच."

"सांगतो काका."

"तोंडाकडे पाहून सांगजो. खाली पाहून नको."

मंजुषाने मान वर केली.

जगदेवने कप खाली ठेवला. कपाच्या कानाला हळद लागली होती. तो धोतराच्या काठाने ती पुसत राहिला.

"दवाखान्यात इन्शुरन्सच्या टेबलावर एक पोरगी बसे," तो म्हणाला. "रुख्मिणीनं मले सांगतलं त्याच्या दुसऱ्या दिशी मी तिले जाऊन इचारलं होतं. चांगली होती बिचारी. कागदावर लिहून समजावून सांगतलं तिनं मले. तीस दिवसाचं."

मंजुषाने विचारलं, "मंग काकूंले काय सांगतलं?"

"तिले म्हटलं, तू बरं केलं. थांबली म्हणून सारं निभलं." त्याने पुढ्यातले दोन गड्डे उचलून डावीकडे टाकले. "आयकून झोपली. लय दिवसानं झोपली ती त्या दिवशी."