केवळरामचा वाटा

सातवीचा शेवटचा तास म्हणजे नुसती ओढाताण. उन्हानं पोरं पेंगलेली, रंजीताबाई त्यांच्याहून जास्त. त्यात वरून आदेश आलेला: मुलांची कादंबरी वाचा, तिच्यातल्या नैतिक पेचांवर चर्चा घ्या. आदेश काढणाऱ्यांचं काय जातं?

कादंबरीतल्या मुलीनं भावाला चोरी करताना पाहिलं होतं. तिनं काय करावं, असं बाईंनी विचारलं.

"खरं सांगाचं," वर्ग एका सुरात म्हणाला. बाईंना आवडणारं उत्तर पोरांना पाठच होतं.

"आपल्या घरातलं असलं तरी?" बाईंनी कंटाळूनच विचारलं.

करिष्मा उठली. "माह्या बाबानं बोडीत जाळं टाकलं होतं, बाई. मी कोनाले नाई सांगतलं. सांगाले पायजे होतं ना?"

धानोऱ्याकडच्या त्या गावात बोडी, म्हणजे गावतळं, सगळ्यांचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की ठरल्या दिवशी अख्खं गाव त्यात उतरतं आणि मासळीचे घरागणिक वाटे पडतात. त्याआधी चोरून जाळं टाकणाऱ्याचा वाटा जातो आणि वर्षभर त्याला बोडीत पाय ठेवता येत नाही. करिष्माचा बाप केवळराम तर मासळीवरच जगणारा. वर्गातलं वर्गातच ठेवा, असं बाईंनी बजावलं. पोरं कसली ठेवतात.

वाट्याच्या दिवशी बाईंनाही बोलावणं होतं. वाटे मांडता मांडता म्हातारे नानाजी थांबले.

"बाई, केवळरामची पोरगी वर्गात काई बोलली म्हंते. खरं हाये का?"

केवळराम मान खाली घालून उभा होता. शेजारी करिष्मा बाईंकडे बघत होती.

"ती गोष्टीतल्या मुलीच्या जागी उभं राहून बोलत होती," बाई म्हणाल्या. "मीच तिला तसं सांगितलं होतं."

भोवती सातवीची पोरं उभी होती. एकानंही तोंड उघडलं नाही.

"मंग ठीक हाये," नानाजी म्हणाले, आणि केवळरामचा वाटा पडला.

बाईंना हायसं वाटलं आणि स्वतःचा रागही आला. त्या परत निघाल्या तर करिष्मा मागोमाग आली.

"बाई, वर्गातल्या सगळ्यायले माहीत हाये."

"हो."

"मंग उद्या तुमी परत विचारलं, तं काय सांगाचं?"

उद्या ते पुस्तक उघडायचंच नाही, एवढंच रंजीताबाईंनी ठरवलं.