पितळेचा चौथा नट

पंजाबरावांनी जिनिंग फॅक्टरीत सत्तावीस वर्षं स्टोअरकीपरी केली आणि तेवढ्या काळात त्यांचा एकाही माणसावर विश्वास बसला नाही. संध्याकाळी भोंगा झाला की ते गेटवर उभे राहत, मजूर एकेक करून हात वर करत, आणि पंजाबराव त्यांची झडती घेत. एकसष्ट साली ते रिटायर झाले, तेव्हा फॅक्टरीनं गोऱ्या मॅनेजरची मागं राहिलेली दोन माणसांची उघडी मोटार त्यांच्या गळ्यात मारली. एके काळी ती शर्यतीत पळायची म्हणे. आता सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि मडगार्डांची चाळण झाली होती. सारं यवतमाळ हसलं, तसे पंजाबराव इरेला पेटले. दसऱ्याला याच मोटारीतून बायकोला, विमलताईंना, आर्णीला माहेरी नेईन, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मिस्त्रीकडे मोटार द्यायची नाही, हे पक्कं होतं. मिस्त्री पार्ट बदलतात. घरीच सगळं करायचं ठरलं, पण साधा पाना कुठे लागतो हे स्टोअरकीपराला ठाऊक असलं तरी तो फिरवायचा कसा ते ठाऊक नव्हतं. शेवटी फॅक्टरीतला फिटर डोमाजी दर रविवारी येऊ लागला. त्यानं मजुरी मागितली नाही, आणि तिथेच पंजाबरावांच्या मनात पाल चुकचुकली.

"फुकट काहून राबतं रे तू?" त्यांनी एकदा विचारलंच.

"असं इंजिन कधी पाह्यलं नाही, बाबुजी," डोमाजी म्हणाला. "हाताखालून गेलं पाह्यजे."

हे काय कारण झालं? त्यातून डोमाजीचा मेहुणा पांढरकवड्याला गॅरेज चालवत होता. पंजाबरावांनी दोन अधिक दोन सहज पाच केले. प्रत्येक पार्ट धोतरावर मांडायचा, मोजायचा, आणि डोमाजी गेल्यावर पुन्हा मोजायचा, असा त्यांचा नेम झाला. दोघांनी मोगरीनं पत्रा ठोकून सरळ केला, खड्ड्यांत लांबी भरली, काचकागदानं घासघासून बोटांची सालटी काढली. डोमाजीनं ताक घुसळावं तसे वॉल्व्ह तळहातांत फिरवून घासले. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, बसलं. त्याखालची तांब्याची पातळ गॅस्केट तेवढी एकच होती, हेड पुन्हा उघडलं तर ती फाटण्याची भीती, आणि विलायती माल येणं केव्हाच बंद झालं होतं.

राहिला कार्बोरेटर. डोमाजी विहिरीवर हात धुवायला गेला, तेवढ्यात, इतक्या रविवारांत पाहून पाना फिरवायला शिकलेल्या पंजाबरावांनी तो स्वतःच बसवायला घेतला. पितळेचे चार नट होते. तीन बसले. चौथा कुठे दिसेना.

डोमाजीनं परत येऊन धोतर झटकलं, अंगण पाहिलं, कार्बोरेटर काढून आतल्या भोकात तार फिरवली. "पितळ हाय, चुंबकालेबी धरत नाही. आत गेला असन तर पिस्टन फुटन. हेड उघडा लागते."

"आन् गॅस्केट?"

"ते मंग पाहू."

पंजाबरावांना सगळा डाव उमगला. गॅस्केट फाटणार, मोटार कायमची बसणार, आणि मेहुणा भंगारात नेणार! डोमाजी निघाला तसे ते फाटकाशी आडवे झाले. "जरा थांब. झडती घेतो."

डोमाजीनं हात वर केले नाहीत. त्यानं सदरा काढला, विमलताईंसमोर झटकला. बिडीचं बंडल पडलं, काडेपेटी पडली. "फॅक्टरीत द्या लागते, बाबुजी. इथं मी तुमच्या घरी आलतो." सदरा घालून तो निघाला. रस्त्यावरून वळून म्हणाला, "पण इंजिन चालू करू नोका."

हाही एक डावच, असं पंजाबरावांनी ठरवलं. शेजारच्या रामरावांना त्यांनी सगळं सांगितलं, रामरावांनी गावाला सांगितलं, आणि चार दिवसांत फॅक्टरीचा नवा स्टोअरकीपर डोमाजीला रोज गेटवर बाजूला काढून उभा करू लागला.

दसऱ्याला पंजाबरावांनी साधा लोखंडी नट लावला आणि हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. विमलताई पदर सावरत बसायला निघाल्या. गल्ली टाळ्या वाजवायला लागली, तोच आत खाडकन आवाज झाला, धूर आला आणि सगळं थांबलं.

पंजाबरावांनी तिथल्या तिथे हेड उघडलं. पितळेचा नट पिस्टनमध्ये रुतून बसला होता, आणि पिस्टनला आरपार भेग गेली होती.

"पाहा, मुद्दाम टाकला हरामखोरानं!" रामराव ओरडले. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

पंजाबराव नुसतं गप्प राहिले असते तरी भागलं असतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "तो तवा विहिरीवर होता," ते पुटपुटले. "मीच बसवून राह्यलो होतो."

"काय म्हणलं?" रामरावांनी कान पुढे केला.

"काही नाही."

पण विमलताई मागेच उभ्या होत्या. त्यांनी त्या भेगाळल्या पिस्टनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"मी डोमाजीच्या घरी चालली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "तुमी येता, का तुमच्या वाटची माफीबी मीच मागू?"