रजईतला श्वास

मित्रांनो, किल्लारीच्या एका घरातली मी जुनी रजई. माझी खोळ फुलाफुलांची आहे, पण पोटात कापूस नाही. पाणी आणि सरबत पिऊन तुम्ही ज्या बाटल्या फेकून देता, त्यांचाच मऊ, पांढरा धागा माझ्यात भरला आहे.

त्यांतल्या एका बाटलीची आठवण माझ्यात अजून ताजी आहे. शिरूर अनंतपाळचा पंचाक्षरी नावाचा तरुण मित्रांबरोबर इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा पाहायला आला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्याने चेपलेल्या बाटलीत जोरात फुंकर मारली, ती फुगवली आणि झाकण घट्ट लावलं.

"बघा रे, बुडती का तरंगती!" म्हणत त्याने ती खाली भिरकावली आणि बघायला पुढं वाकला. ओल्या खडकावरून त्याचा पाय निसटला. मित्रांच्या हाका पाण्याच्या आवाजात विरून गेल्या. बाटली मात्र तरंगत राहिली.

नदीकाठचं प्लास्टिक वेचणाऱ्या केवळाबाईंना ती सापडली. भंगारवाल्याकडून ती कारखान्यात गेली. तिथं तिचे तुकडे झाले. ते उकळत्या पाण्यात धुतले, वितळवले आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू होऊन बाहेर आले. इतकं सोसूनही बाटलीतला पंचाक्षरीचा श्वास गेला नाही. तो माझ्यात आला.

लातूरच्या बाजारातून या घरातल्या अमरेशने मला आपल्या आईसाठी, गुरम्मासाठी, आणलं. पहिल्या थंडीत गुरम्मा माझं किती कौतुक करायची! "लई ऊब हाय रं हिच्यात," असं शेजारणींनाही सांगायची.

मग एकदा भर दुपारी ती तापाने निजली होती. वीज गेली होती. पंख्याचा आवाज थांबला आणि तिला माझ्यातला तो श्वास ऐकू आला. माझं पोट हळूच वर आलं, खाली गेलं.

"अमरेश, हिच्यात कुणीतरी श्वास घेऊन राहिलंय."

"अव्वा, ताप हाय तुला." त्याने माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. "टाकूनच येतो हिला गावाबाहेर!"

"न्हाई!" गुरम्मा उठून बसली. "भूकंपात माझ्या धाकट्या बहिणीचा श्वास मी ढिगाऱ्याखालून ऐकला होता. समदे म्हणले, भास हाय. त्यांचं ऐकून मी गप बसले. दुपारपतुर तो थांबला. आता न्हाई गप बसणार."

तिने मला अंगणात पसरलं आणि एका बाजूची शिवण उसवली. कोपरापर्यंत हात आत घातला. आतला धागा नदीच्या पाण्यासारखा गार लागत होता.

"भ्याऊ नको लेकरा," ती म्हणाली. "तुझ्या घरला जा."

माझ्यातून एक लांब श्वास बाहेर पडला. वारा अजिबात नव्हता, तरी दोरीवरची सगळी धुणी एकाच दिशेला उडाली, शिरूरच्या दिशेला. मग सारं शांत झालं. गुरम्मा डोळे पुसत मला शिवत बसली.

मित्रांनो, रिकामी बाटली नदीत, ओढ्यात भिरकावू नका. ती वेचणाऱ्याच्या हातात द्या. तुम्ही फेकलेलं नाहीसं होत नाही. रूप बदलून ते कुणाच्या तरी अंगावर येतं. आणि माझ्या पोटात काही एकच बाटली नाही.

परवा मला उन्हात घातलं होतं. दुसऱ्या कोपऱ्यातून बारीक हसू आलं, लहान मुलीचं. अमरेश दारातच थिजला. गुरम्मा मात्र माझ्याजवळ येऊन बसली. त्या कोपऱ्यावर तळहात ठेवून तिने हळूच विचारलं,

"आता तू कोण गं, बाय?"