खाली बघा, एवढेच म्हणायचे होते

मी एक जुना दिवा आहे. पण मित्रांनो, अंधार घालवायचे काम माझे नाही. मी डोळ्यांच्या दवाखान्यातला तपासणीचा दिवा. माझ्यासमोर एक स्टूल, हनुवटी टेकवायला पट्टी आणि कपाळ टेकवायला पट्टा. माझा उजेड बारीक फटीतून येतो आणि माझ्या भिंगांतून पापणीचा केस दोरखंडाएवढा जाड दिसतो. कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने शेवटचा स्क्रू पिळताना म्हटले होते, की याच्यापासून काही लपायचे नाही. त्याचे म्हणणे खरे ठरले, हेच माझे दुर्दैव. मला सगळे दिसते आणि सांगता काहीच येत नाही.

सुरुवातीला डॉक्टर माझे फार कौतुक करायचे. रोज सकाळी स्वतः मला मऊ फडक्याने पुसायचे. प्रत्येकाला समोर, वर, डावीकडे, उजवीकडे आणि शेवटी खाली बघायला लावायचे. पुढे नाव झाले, बाहेरच्या बाकावर गर्दी वाढली आणि डॉक्टरांची घाईही वाढली. आधी डावी-उजवीकडे बघणे सुटले. मग खाली बघायला सांगणेही बंद झाले. ते कधी बंद झाले, हे त्यांनाही आठवणार नाही.

खाली बघण्यात काय एवढे, असे तुम्ही विचाराल. माणूस खाली बघतो तेव्हा वरच्या पापणीच्या केसांची मुळे उघडी पडतात. त्या मुळांशी किडे राहतात. आठ पायांचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. बहुतेक मोठ्या माणसांच्या पापण्यांत ते थोडेफार असतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ते फार वाढले की प्रत्येक केसाच्या बुडाशी मेणचट कोंड्याची नळी चढते आणि पापणीतल्या तेलाची तोंडे बुजतात. तेल नसले की अश्रू डोळ्यावर टिकत नाहीत, वाळून जातात. मग कोरडा पडलेला डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरण्याने घळाघळा वाहू लागतो. कोरडा आहे म्हणून वाहतो, हे भल्याभल्यांना पटत नाही.

रफूवाल्या बाईंचे तसेच झाले होते. त्या एका लाँड्रीत बसून फाटके कपडे असे रफू करायच्या की फाटले कुठे होते ते सापडू नये. त्यांची सून त्यांना हाताला धरून आणायची. डोळे लालबुंद, कडा सुजलेल्या, गाल ओले. डॉक्टर कोरडेपणा आहे म्हणून थेंब लिहून द्यायचे. कोरडेपणा असा वाहतो होय, असे म्हणून सासू-सुना दोघी हसायच्या.

हसणे फार दिवस टिकले नाही. किड्यांचा त्रास सकाळी जास्त असतो, आणि शेजारणींना सकाळीच दारात उभे राहायची सवय. सासूचे डोळे रोज उठल्या उठल्या लाल, म्हणजे सूनच रडवत असणार, असे त्यांनी ठरवून टाकले. बाई नाही नाही म्हणाल्या की लोक त्यांच्या सोशिकपणाची वाहवा करायचे. हे सगळे सुनेने एकदा डॉक्टरांना हसत सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना ती हसली नाही.

मग एके दिवशी मुलगाही बरोबर आला. डॉक्टरांनी बाईंची हनुवटी माझ्या पट्टीवर टेकवली आणि बजावले, की हलायचे नाही, बोलायचे नाही. ते समोरचे बुबुळ बघत होते. वर एकेका केसावर नळ्या होत्या, पण नजर खाली वळल्याशिवाय त्या त्यांना कशा दिसणार? काही सापडेना, तेव्हा माझ्याआडूनच त्यांनी विचारले, "घरात काही त्रास आहे का? कोणी रडवतं का?"

बाई गप्प राहिल्या. बोलू नका म्हटले होते ना. जन्मभर सांगितलेले ऐकत आलेली बाई ती. त्या चार क्षणांत मुलाने वळून बायकोकडे पाहिले. बाईंनी हनुवटी उचलून सांगितले, "अहो, सोन्यासारखी सून आहे माझी." पण तोवर सून बाहेर निघून गेली होती. मुलगा म्हणाला, "आई, तू नेहमी पांघरूणच घालतेस." महिन्याभरात सून माहेरी गेली. पुढच्या खेपेला बाई भिंतीला हात लावत एकट्याच आल्या.

त्या दिवशी माझी हनुवटीची पट्टी मोडली असती तर किती बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

तीन वर्षांनी डॉक्टर थकले आणि त्यांच्या जागी डॉक्टरीणबाई आल्या. पहिल्याच तपासणीत त्या म्हणाल्या, "आजी, जरा खाली बघा." झाले, अर्ध्या मिनिटाचे काम. त्यांनी एक केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि वळवळणारे किडे बाईंना दाखवले. पापण्या पुसायचे औषध दिले. दीड महिन्यात डोळे निवळले. तेव्हा बाईंनी एकच गोष्ट मागितली. "हे किड्यांमुळे झालं, माणसामुळे नाही, असं कागदावर लिहून द्या." डॉक्टरीणबाईंनी लिहिले आणि खाली शिक्काही मारला.

पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा तो कागद पिशवीतच होता. तो घेऊन सुनेच्या माहेरी जाऊन आल्याचे त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितले. सुनेने तो सगळा वाचला, सासूचे डोळे नीट निरखले आणि कागदाची घडी करून परत दिला. म्हणाली, "आई, मला कशाला हा कागद? मला माहीतच होतं. तुमच्या मुलाला दाखवा." मुलाच्या टेबलावर तो चार दिवस पडून होता. त्याने उचललासुद्धा नाही.

हे सांगताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मी नीट पाहिले. कडा स्वच्छ होत्या, एकाही केसावर नळी नव्हती. किड्यांचा त्या पाण्याशी काहीही संबंध नव्हता.

आता नवे यंत्र आले आहे आणि मी कोपऱ्यात मेणकापडाखाली आहे. मला कोणी पुसत नाही, त्याचे दुःखही उरलेले नाही. मित्रांनो, कोणाचे डोळे लाल दिसले तर कोणी रडवले हे घाईने ठरवू नका. आणि विचारायचेच असेल, तर आधी त्या माणसाची हनुवटी मोकळी करा.